आडवा चौदा

रविवारचा पेपर दारात पडला तेव्हा कासव घोरत होतं.

कासव म्हणजे तिचा नवरा. रविवारच्या पुरवणीत मागच्या पानावर जे गूढ शब्दकोडं येतं, त्याच्याखाली रचणाऱ्याचं नाव म्हणून नुसतं ‘कासव’ छापलेलं असतं, आणि पंचवीस वर्षं हे कासव तिच्या शेजारच्या उशीवर घोरत आलं होतं. ज्याच्या कोड्यापायी शहरातली बरीच शहाणी माणसं रविवारी सकाळी डोकं खाजवत बसतात, तो स्वतः नऊच्या आत डोळे उघडत नाही, हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. तसं कुणी विचारलंही नव्हतं म्हणा.

तिने पेपर उचलला, चहा टाकला आणि ओट्याशी उभ्या उभ्याच मागचं पान काढलं. चोरून, हे सांगायला हवं, कारण गेले तीन आठवडे तिने या कोड्याशी अबोला धरला होता.

साध्या कोड्यात ‘आकाश’ला दुसरा शब्द विचारतात, तुम्ही ‘गगन’ लिहिता आणि मोकळे होता. गूढ कोड्याचं तसं नाही. त्यातला संकेत वरवर एक बोलतो आणि पोटात भलतंच ठेवतो. ‘राग उलटला तर फणसात सापडेल’, दोन अक्षरं. तुम्ही रागाचा विचार करत बसता, फणसाचा विचार करत बसता, आणि मग एकदम कळतं की ‘राग’ हा शब्दच उलटा लिहायचा आहे: गरा. ज्याला हे पहिल्यांदा कळतं तो एकतर पेपर भिरकावून देतो, नाहीतर जन्माचा वाया जातो.

ती जन्माची वाया गेलेली होती. लग्न झालं तेव्हा ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती आणि तो पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढायचा. पेपरने त्याला कोडं रचायला घेतलं तेव्हापासून घराला एक शिस्त लागली. बुधवारी तो पट्टी-पेन्सिल घेऊन चौकोन आखायचा, घरं काळी करायचा, संकेत लिहायचा. गुरुवारी संध्याकाळी तो कागद जेवणाच्या टेबलावर तिच्यापुढे यायचा आणि त्याला गॅलरीत जाऊन उभं राहावं लागायचं, कारण त्याच्या चेहऱ्यावरून उत्तरं फुटायची. ती कोडं सोडवायची. जिथे संकेत लंगडा असेल तिथे पेन्सिलीने टिंब द्यायची. टिंब दिसलं की तो आधी वाद घालायचा, मग गप्प बसायचा, मग दुसरा संकेत शोधायला लागायचा. नाहीच सापडला तर ती समासात एखादा लिहून द्यायची आणि पोळ्या लाटायला उठायची. शुक्रवारी तो सगळं स्वच्छ अक्षरात उतरवून पेपरच्या कचेरीत नेऊन द्यायचा. मूळ कागद रद्दीत जायचा, समासासकट.

मग पेपरने त्याचा सत्कार केला. फुलांचा गुच्छ, टाळ्या आणि काचेची एक जड वस्तू, जी घरात कुठे ठेवायची ते अजून ठरलेलं नाही. कुणीतरी विचारलं, ‘घरातून काही मदत होते का?’ तो म्हणाला, ‘घरातून? घरातून चहा येतो. तोही बरोबर शब्द सुचत असतो तेव्हा!’ सभागृह खो खो हसलं. तिसऱ्या रांगेत तीही हसली, कारण शेजारची बाई तिच्याकडे बघून हसत होती.

तो वाईट माणूस नव्हता हे तिला पक्कं माहीत होतं आणि तिथेच घोडं अडत होतं. मुद्दाम बोलला असता तर भांडता आलं असतं. आपण काही बोललो याचा त्याला पत्ताच नव्हता. पुढच्या गुरुवारी कागद टेबलावर आला तेव्हा ती म्हणाली, ‘डोळे दुखतात माझे. तुमचं तुम्हीच बघा.’ यावर तो म्हणाला, ‘डॉक्टरांना दाखवू या का?’ आणि खरोखरच काळजीत पडला. आता अशा माणसाचं काय करायचं?

तर चहा उकळत होता, आणि आडवा चौदापाशी तिचं बोट थांबलं.

‘जाताना जे, परततानाही तेच, पाण्यावर.’ तीन अक्षरं.

जहाज. सुलट वाचा नाहीतर उलट वाचा, जहाजच. सोपा, नेटका, त्याच्या हातचा संकेत. पण घरांत ते बसेना. उभ्या शब्दांमधून पहिलं अक्षर ‘आ’ येत होतं आणि शेवटचं ‘ज’. तिने उभे शब्द पुन्हा तपासले. मग काय झालंय ते तिला लख्ख दिसलं, सदऱ्याचं बटण खालच्या काजात गेलेलं दिसावं तसं. त्याने आधी तिथे ‘जहाज’ घातलं असणार. तो कोपरा जुळेना म्हणून मग शब्द बदलून ‘आवाज’ केला असणार. आणि संकेत बदलायचा राहून गेला. आवाजाच्या घरावर जहाजाची पाटी लागून पेपर छापला गेला होता, आणि टिंब द्यायला कुणी नव्हतं.

तिला बरं वाटलं. लपवण्यात काय अर्थ आहे, चांगलंच बरं वाटलं. चहाचे दोन घोट होईपर्यंत ते टिकलं. मग लाज वाटली, आणि मग दोन्ही एकदमच वाटत राहिलं, कारण आजच त्या मंडळींकडे जायचं होतं.

मंडळी म्हणजे तिघं जण. दर रविवारी एकत्र बसून कासवाचं कोडं सोडवणारी. सत्काराची बातमी वाचून त्यांना कळलं की कासव याच शहरात राहतं आणि त्याला चष्मा आहे, तेव्हा त्यांनी पेपरमार्फत निरोप धाडला: एकदा या, आम्ही तुमचं कोडं कसं फोडतो ते बघा, वहिनींनाही आणा. निरोप आला त्या दिवसापासून कासवाच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

‘तू कंटाळशील तिथे,’ इस्त्रीचा सदरा घालताना तो म्हणाला.

‘बसेन मी,’ ती म्हणाली.

आडवा चौदाबद्दल तिने चकार शब्द काढला नाही. तिला काय हवं होतं ते तिने वाटेत स्वतःला स्पष्ट सांगून टाकलं: एक वाक्य. गुच्छ नको, काचेची वस्तू तर मुळीच नको. ‘हे हिने सुचवलं’ एवढंच, तिच्यादेखत, परक्या माणसांसमोर. ते मागायचं मात्र नाही. मागून मिळालं तर ते मिळालं असं कसं म्हणायचं?

औषधांच्या एका दुकानामागची खोली होती ती. दुकान रविवारी बंद, म्हणून मागे शांतता. भिंतीला छतापर्यंत खोकी, कोपऱ्यात वजनकाटा, थंड ठेवायच्या औषधांचा फ्रीज मधूनच गुणगुणायला लागे. मध्ये टेबल, त्यावर पेपरच्या प्रती आणि टोक केलेल्या पेन्सिली. दुकानाच्या मालकीणबाई कमी बोलणाऱ्या, पांढरे केस घट्ट बांधलेल्या. दुसरे दातांचे डॉक्टर, जे दिवसभर आ वासलेल्या माणसांशी बोलत असल्यामुळे उत्तराची वाट बघायची सवय मोडलेले. तिसरे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, ज्यांना बाकीचे दोघं ‘खोडरबर’ म्हणत, कारण त्यांना उत्तर सगळ्यात आधी सुचे आणि सगळ्यात आधी ते पुसूनही टाकत.

‘आमच्याकडे एक कायदा आहे, सर,’ डॉक्टर म्हणाले. ‘उत्तर ओरडायचं नाही. सुचलं की पेन्सिल खाली ठेवायची. सगळ्यांच्या पेन्सिली खाली आल्या की एकाने उकल सांगायची, कसं आलं ते. उकल पटली तरच पेनने लिहायचं. उत्तर बरोबर असलं आणि उकल नसली, तर घर रिकामं.’

‘फार कडक आहे,’ कासव हसून म्हणालं.

‘अहो, दात दुखतो म्हणून चालत नाही. कुठला ते दाखवावं लागतं.’

तिला ही माणसं एकदम आवडली. तिला भिंतीकडची खुर्ची मिळाली, खोक्यांना पाठ लागेल अशी, आणि हातात कप आला. वहिनी, तुम्ही आरामात बसा, असं तिघांनीही एकेकदा सांगून झालं.

कोड्याआधी जुन्या गोष्टी निघाल्या. डॉक्टरांनी सुरुवात केली. ‘सर, तो उशीवाला! उशीला रविवारची सुरुवात चिकटली, की हा होणारच. तीन अक्षरं! उशी, त्याला रविवारचा र. उशीर! त्या दिवशी मी स्वतः दवाखान्यात उशिरा पोचलो होतो. मला वाटलं, हा माणूस माझ्या घरात डोकावून लिहितो.’

‘मला पोपट,’ खोडरबर हळूच म्हणाले. ‘पोटात पत्राची सुरुवात, तोंडात दुसऱ्याचं बोलणं. पोटात प. काय देखणा आहे तो! मी बँकेत टेबलाच्या काचेखाली ठेवला होता. साहेबांना वाटायचं त्यांच्यावर आहे.’

‘होता का साहेबांवर?’ डॉक्टरांनी विचारलं.

‘होता ना.’

सगळे हसले. कासवही हसलं, मान डोलावत, हातातल्या कपाकडे बघत. पोपट तिचा होता. एक्स्चेंजमधल्या एका सुपरवायझरवरून सुचलेला, डाळीला फोडणी देताना. तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर लबाडीचा लवलेश नव्हता. केलेल्या कामाचं कौतुक ऐकणाऱ्या माणसाचा तो साधा, सुखावलेला चेहरा होता. हा खोटं बोलत नाहीये. हा विसरलाय.

‘आणि तुमचा कुठला हो?’ कासवाने मालकीणबाईंना विचारलं.

‘इच्छा थंड पडली, तरी रोज कारखान्यात जातो,’ त्या म्हणाल्या. ‘चार अक्षरं.’

फ्रीज तेवढा गुणगुणला.

‘काम म्हणजे इच्छा, थंड म्हणजे गार,’ डॉक्टर जरा खालच्या आवाजात म्हणाले, कायदा म्हणून. ‘कामगार.’

‘त्या रविवारी मी पुढचं कोडं सोडवलंच नाही,’ बाई म्हणाल्या. ‘तेव्हा माझे मिस्टर जाऊन वर्ष झालं होतं. मी रोज वेळेवर दुकान उघडत होते. लोक म्हणायचे, किती सावरलात. कुणालातरी हे कळलंय, एवढंच मला वाटलं. तुम्हाला विचारायचं राहून गेलेलं आहे, आज विचारते. कसं सुचलं हे?’

तिने कप खाली ठेवला. आता, तिला वाटलं. आता जर हा म्हणाला, तर मी सगळं विसरेन, चहाचंसुद्धा.

‘सहज,’ कासव म्हणालं. ‘बसमध्ये. समोरच्या बाकावर एक कामगार डुलक्या घेत बसला होता.’

बाईंनी मान हलवली. त्यांना आणखी काहीतरी हवं होतं हे दिसत होतं, पण त्यांनी पुन्हा विचारलं नाही. भिंतीकडच्या खुर्चीत तिचे कान तापले होते. पोपटाचं जाऊ दे. पोपट दहा देईन मी याला. पण हा नाही, हा माझ्या घरातला आहे. तिला उठून जावंसं वाटलं, पण भरल्या खोलीतून बाई उठली की चार जण ‘काय झालं’ विचारतात, आणि त्यातल्या कुणालाच खरं सांगता येत नाही.

मग कोडं सुरू झालं. कासवाने तोंडाला कुलूप लावायचं असं ठरलं. पेन्सिली खाली येऊ लागल्या, उकली होऊ लागल्या, घरं पेनने भरू लागली. डॉक्टर हात नाचवत उकल सांगत, खोडरबर बरोबर उत्तरं पुसून पुन्हा लिहीत, बाई थोडक्यात बोलून मोकळ्या होत. तीही मनातल्या मनात त्यांच्या पुढे-मागे चालत राहिली, आणि एका ठिकाणी तर खोडरबरांच्या आधी पोचली.

आडवा चौदाला गाडी थांबली.

‘जाताना जे, परततानाही तेच, पाण्यावर,’ डॉक्टरांनी दुसऱ्यांदा वाचलं. ‘आ... काहीतरी... ज.’

‘जहाज तर नव्हे?’ खोडरबर म्हणाले. ‘उलटसुलट सारखंच वाचता येतं ते.’

‘आ येतोय ना सुरुवातीला!’

‘हो, ते पण आहेच. मग उभं काहीतरी चुकलं असेल आपलं.’

सगळे उभे शब्द पुन्हा तपासले गेले. एकही चुकलेला नव्हता.

‘मग...’ खोडरबरांनी चाचरत म्हटलं, ‘कासवच चुकलं असेल का?’

डॉक्टरांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की बिचाऱ्यांनी हातातली पेन्सिलच सोडली. ‘इतक्या वर्षांत एकदा तरी चुकलंय का? आपण तोकडे पडतोय. खोल काहीतरी आहे.’

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो समोरची प्रत बघत होता आणि त्याचा कान हळूहळू लाल होत होता. त्याला आत्ता कळलं होतं. पंचवीस वर्षांत तिने त्याला चिडलेला, आजारी, हट्टाला पेटलेला असा सगळा पाहिला होता, पण असा उघडा पडलेला कधी पाहिला नव्हता, आणि सकाळी चहाबरोबर जे बरं वाटलं होतं त्याचा मागमूसही तिला आता आपल्यात सापडेना.

पाच-सात मिनिटं तिघंही तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिली. मग बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

‘आवाज,’ त्या म्हणाल्या. ‘लहानपणी आम्ही तळ्याकाठी जायचो. समोर खडक होता. पाण्यावरून हाक मारली की तीच हाक परत यायची. जाताना जे, परततानाही तेच. प्रतिध्वनी आहे हा.’

‘अरे!’ डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले. ‘अरे वा! म्हणजे मुद्दाम जहाजाचा भास करून द्यायचा, सगळ्यांना त्या वाटेने पाठवायचं, आणि स्वतः काठावर उभं राहायचं! दुहेरी फसवणूक! मी सांगतो, हा वर्षातला सगळ्यात उत्तम संकेत आहे. हेच ना, सर?’

तिघांची तोंडं कासवाकडे वळली. चुकीच्या पाटीला या माणसांनी असं सुंदर घर बांधून दिलं होतं की त्यात जाऊन बसायला कुणालाही मोह झाला असता.

‘हं,’ कासव म्हणालं.

खोडरबरांनी पेन उचललं आणि तिच्या मनात काहीतरी विझलं. ठीक आहे, तिने स्वतःला सांगितलं. आपला नवरा असा आहे. बाकी किती गोष्टींत चांगला आहे.

‘थांबा,’ कासव म्हणालं. ‘लिहू नका.’

पेन थांबलं.

‘उत्तर आवाजच आहे. पण उकल ती नाही. उकल नाहीच आहे. ती चूक आहे माझी.’ तो घाईघाईने बोलत होता, कचेरीत साहेबांसमोर बोलत असेल तसा. एकदा चुकीच्या रेघेपायी त्याने सबंध नळयोजनेचा छापलेला नकाशा परत मागवला होता आणि वर बोलणी खाल्ली होती, हे तिला आठवलं. ‘तिथे जहाज होतं. मी शब्द बदलला आणि संकेत बदलायला विसरलो. बाईंनी सांगितलं ते फार छान आहे, पण ते बाईंचं आहे. माझं नाही.’

‘पण असं कधी...’ डॉक्टर म्हणाले.

‘कधी झालं नाही, कारण दर गुरुवारी ही तपासते. गेले तीन आठवडे हिचे डोळे दुखतायत.’

आता तिघांची तोंडं भिंतीकडच्या खुर्चीकडे वळली. तिला वाटलं होतं, असं झालं तर आनंद होईल. प्रत्यक्षात पदर सारखा करावासा वाटला आणि हात कुठे ठेवायचे ते कळेना.

‘वहिनी, तुम्ही सोडवता?’ खोडरबरांनी विचारलं.

‘सोडवते म्हणजे काय,’ कासव म्हणालं, ‘टिंबं देते. मग मी बसतो डोकं धरून. मग हीच समासात लिहून...’ आणि तो मध्येच थांबला. वाक्य कुठे चाललंय ते त्याला स्वतःलाच तेव्हा दिसलं असावं. त्याने चष्मा काढला आणि उगाचच पुसला. ‘पोपट तुझा होता ना?’

‘हो.’

‘आणि उशी?’

‘छे, उशीर तुमचाच,’ ती म्हणाली. ‘तो दुसऱ्या कुणाला सुचेल? अंगचा आहे.’

डॉक्टर फस्सकन हसले आणि लगेच गप्प झाले, कारण बाकी कुणी हसत नव्हतं. कासव तिच्याकडेच बघत होतं, हिशेब लागत नसल्यासारखं.

‘मी सभागृहात काय बोललो,’ तो म्हणाला. तेवढंही त्याला जड गेलं होतं.

मालकीणबाईंनी आपली खुर्ची फिरवून तिच्यासमोर घेतली. ‘मग कामगारही तुमचाच, बसमधलं खरं नाही,’ त्या शांतपणे म्हणाल्या. राग नव्हता त्यांच्या आवाजात. ‘कसं सुचलं ते तुम्ही सांगा.’

हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे सुरुवात कुठून करायची याची तयारी नव्हती. तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे बघून बोलायला लागली.

‘माझे बाबा काचेच्या कारखान्यात होते. बाटल्यांच्या भट्टीवर. आई गेली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी भोंगा झाला तसे ते उठून कामावर गेले. लोक म्हणाले, काय मन आहे या माणसाचं. मलाही राग आला होता. पण मी तेव्हा महिनाभर त्यांच्याकडे राहिले म्हणून मला दिसलं. त्यांना काही नको असायचं. रेडिओ लावत नव्हते. आयुष्यभर ओढलेली विडी सुटली, सोडावीसुद्धा लागली नाही. एक दिवस भाजीत मीठच घालायला विसरले मी. जेवले, ताट धुऊन ठेवलं. दिवसभर त्या भट्टीपुढे उभे राहायचे आणि संध्याकाळी हात धरला तर हात गार. मग कळलं मला, कामावर जाणं एवढीच एक गोष्ट उरली होती, जी नको असली तरी करता येते.’

खोडरबरांनी डोळ्यांना रुमाल लावला. बाई हलल्या नाहीत.

‘मी होतो तेव्हा,’ कासव हळूच म्हणालं. ‘त्या सकाळी मी होतो तिथे. मला वाटलं, त्यांना रजा दिली नाही. मी म्हणालोसुद्धा त्यांना, एक दिवस तरी थांबायचं घरी.’

‘म्हणालात. मग ते तुम्हाला म्हणाले, घरी थांबून काय करू, जावई?’

‘आणि मी?’

‘तुम्ही म्हणालात, आराम करा.’

त्याने मान खाली घातली. समोरच्या कोड्यात आडवा चौदाच्या मधलं घर अजून रिकामंच होतं. त्याने विचारलं, ‘मग हा संकेत तेव्हाच केलास तू?’

‘नाही. बाबा गेल्यावर. एका गुरुवारी तुमचा खालचा कोपरा जुळत नव्हता, तेव्हा लिहून दिला.’

‘मी काय म्हणालो वाचून?’

तिला सांगावंसं वाटत नव्हतं. पण इथे उकल अर्धी ठेवायची पद्धत नव्हती.

‘चालेल, म्हणालात,’ ती म्हणाली.